अंबाला ते गाव, व्हाया पानिपत

"साहब, वॉरंट बना दूँ?" रजेचा कागद हातात घेत आमच्या हेडक्लार्कने विचारलं. रेल्वेचा वॉरंट. मी म्हटलं, नको, गाडीने जाणार. अंबाल्याहून साताऱ्यापर्यंत? त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस आहे तो. रजेचा एकेक दिवस वाचवणारे ऑफिसर त्याने पाहिलेत. दोन हजार किलोमीटर गाडी हाकत चार दिवस रस्त्यात घालवणारा त्याला वेडाच वाटला असणार.

कारण सांगितलं ते असं: मुलगी पुण्याला माझ्या बहिणीकडे राहून दहावीची परीक्षा देते आहे, म्हणजे गाडीत आम्ही दोघंच. बायकोचं माहेर ग्वाल्हेर, ते वाटेवर. आणि आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पंच्याहत्तरी. त्यांची एक फर्माईश होती. "येताना पानिपत बघून या. रेल्वेनं धा येळा तिथनं गेलो. स्टेशनवर पाटी दिसायची. उतराया कधी गावलं न्हाई."

आबा मराठा लाइट इन्फंट्रीचे. १९७० साली भरती, १९९८ साली सुभेदार म्हणून पेन्शन. अठ्ठावीस वर्षांत मिलिटरी स्पेशलमधून किती वेळा पानिपत ओलांडलं असेल कोण जाणे.

खरं कारण वेगळं होतं. मला उशिरा पोचायचं होतं.

फौजेत नसलेल्यांसाठी सांगतो. लेफ्टनंट कर्नलपर्यंत माणूस वर्षं भरली की पोचतो. त्यापुढे निवड असते. त्याला आम्ही नंबर तीनचा बोर्ड म्हणतो. तीन संधी मिळतात: एक पहिली आणि दोन फेरविचाराच्या. निवड झाली तर कर्नल आणि रेजिमेंटची कमांड. नाही झाली तर नोकरी चालू राहते, पगार चालू राहतो, सव्वीस वर्षं भरली की खांद्यावर कर्नलचे पिप्सही येतात, पण रेजिमेंट मिळत नाही. वर जागा कमी आणि खाली माणसं जास्त, हे गणित ॲकॅडमीत असतानाच कळलेलं असतं. आपण त्या गणिताच्या कुठल्या बाजूला पडणार ते तेवढं कळत नाही. माझी तिसरी संधी ऑक्टोबरात संपली. बोर्डाबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या कोर्सचे जे निवडले गेले त्यातल्या निम्म्यांना तरी मी स्वतः निवडलं असतं. बाकीच्या निम्म्यांबद्दल मेसमध्ये भेटा, बोलू.

ही गोष्ट बायकोला त्याच संध्याकाळी कळली. कोर्समेट्सना तर माझ्या आधी कळली. आबांना नाही. दर रविवारी फोनवर त्यांचा प्रश्न ठरलेला, "कमांड कवा?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, "होईल आबा, वेळ लागतो." तीन वर्षं हे चाललं होतं. आणि आता पंच्याहत्तरीला मांडव, माइक, सरपंच, सगळं गाव.

पहाटे पाचला निघालो. जी. टी. रोडवर धुकं असं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवा हाच आमचा रस्ता. फेब्रुवारी लागला तरी तिकडे सकाळ जानेवारीचीच असते. कर्नालच्या अलीकडे उजाडलं आणि दोन्ही बाजूंना हिरवा गहू, मध्ये मोहरीचे पिवळे पट्टे दिसू लागले. रस्त्याच्या कडेने पोरं धावत होती, दहा-दहा, पंधरा-पंधराच्या टोळ्यांनी. भरतीची तयारी. आमच्याकडे कोरेगावच्या रस्त्यावर पहाटे हेच दृश्य असतं.

कर्नालहून आत वळून आधी कुंजपुऱ्याला गेलो. यमुनेच्या बाजूला दहा-बारा किलोमीटर. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंच्या फौजेने इथली गढी घेतली. धान्य, पैसा, घोडे, बरंच हाती लागलं. आणि ह्या विजयाच्या आनंदात असतानाच खाली बागपतला अब्दाली यमुना उतरून आला, दिल्लीच्या आणि मराठ्यांच्या मध्ये. म्हणजे घरचा रस्ता शत्रूच्या पाठीमागे गेला. आज कुंजपुऱ्यात सैनिक स्कूल आहे. मी साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा. दोन्ही शाळा एकाच साली सुरू झाल्या, १९६१ साली, पानिपतानंतर बरोबर दोनशे वर्षांनी. गेटवरच्या पहारेकऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अच्छा जी." बरोबरच आहे, त्याने तरी काय म्हणावं?

काला आंब पानिपत शहराबाहेर आहे. गाडी लावली तेव्हा आवारात आम्ही दोघं, एक झाडूवाला आणि दोन कुत्री. लोखंडी कुंपणात उभा असलेला एक स्तंभ, बाग, माहितीच्या पाट्या. इथे एक आंब्याचं झाड होतं आणि रक्ताने ते काळं पडलं अशी कथा सांगतात. मी ठरवून आलो होतो की भावूक व्हायचं नाही. मी गनर आहे, तोफखान्याचा माणूस. जमीन बघायची, रेंज बघायची, तोफा कुठे लावल्या असत्या ते बघायचं.

तर जमीन सपाट आहे. इतकी सपाट की तोफखान्याच्या माणसाला आधी बरं वाटतं आणि मग भीती वाटते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा त्या काळातल्या उत्तम तोफांपैकी, त्याची पलटण फ्रेंच पद्धतीने शिकलेली. पण जड तोफ एकदा लावली की लावली. समोर अब्दालीकडे उंटांवर बसवलेल्या हलक्या जंबुरक होत्या, त्या जिकडे हव्या तिकडे जात. आपलेच घोडेस्वार पुढे धावत गेले की मागच्या तोफेला गप्प बसावं लागतं. हे आजही प्रत्येक फायर प्लॅनमध्ये आम्ही तरुण ऑफिसरांना कानीकपाळी ओरडून सांगतो. त्या दिवशी हे झालं असं वर्णन आहे. पण माझ्या मते लढाई १४ जानेवारीला हरली नाही. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलीसुरली रसद तुटली तेव्हाच निकाल लागत आला होता. दोन महिने समोरासमोर तळ. फौज, शिवाय यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे. उपाशी माणूस आणि उपाशी घोडा ह्यांना घेऊन कुठलाही प्लॅन चालत नाही. गेली चार वर्षं मी स्टाफवर रसदीचीच कामं करतोय, म्हणून मला असं वाटत असेल. ज्याच्या त्याच्या नजरेचा प्रश्न.

मी हे सगळं हातवारे करून बायकोला सांगत होतो. ती ग्वाल्हेरची, शाळेत इतिहास शिकवते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पार्वतीबाई कुठे होत्या तेव्हा?"

सदाशिवरावभाऊंच्या पत्नी ह्याच तळावर होत्या. त्यांना वाचवून ग्वाल्हेरपर्यंत नेलं. आणि नवरा गेला हे त्यांनी पुढे कधीच मानलं नाही. विधवेची वेषभूषा केली नाही.

"त्यांना कुणी नीट सांगितलंच नसणार," ही म्हणाली. "प्रत्येकाने दुसऱ्यावर ढकललं असेल. तू सांग, तू सांग."

मी पाटी वाचायला लागलो.

बाहेर पडताना एक ताऊ भेटले. डोक्याला पांढरा पागोटा, अंगावर खेस, सायकलला उसाच्या मोळ्या. गाडीचा नंबर हरियाणाचा, पण आमचं बोलणं कानावर पडलं असावं. "मरहट्टे हो?" हो म्हटल्यावर त्यांनी सायकल लावलीच. ते रोड समाजाचे. पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं त्या समाजातले पुष्कळ लोक आता मानतात आणि दर १४ जानेवारीला इथे मोठ्या संख्येने जमतात. मला वाटलं ताऊ आता त्यावर बोलतील. त्याऐवजी त्यांनी गुडघ्याचं दुखणं सांगितलं, मग नातवाचं. नातू अग्निवीरच्या भरतीत धावण्यात पास झाला, पण पुढे कुठेतरी अडकला. घरी तोंड दाखवत नाही, मावशीकडे जाऊन राहिलाय. "मैं के उसने मारूँ था?" ताऊ म्हणाले. मी काय त्याला मारणार होतो का?

मी फौजी आहे हे कळल्यावर त्यांनी माझा हात धरला. नातवाचं काही होईल का, हे विचारायचं होतं. पण विचारलं नाही. गुऱ्हाळ जवळच होतं, तिथला गरम गूळ कागदात बांधून दिला. आबांसाठी काला आंबचे फोटो काढले होते, त्यात ताऊंचाही एक काढला.

दिल्ली टाळून केएमपीने खाली उतरलो. पलवल, मथुरा, आग्रा. आग्र्याच्या किल्ल्यासमोर महाराजांचा पुतळा आहे, तिथे दोन मिनिटं थांबून नमस्कार केला आणि चहा प्यायलो. ताजमहाल बघितला नाही. सोळा वर्षांच्या संसारात तीन वेळा आग्र्यावरून गेलोय आणि तीनही वेळा "पुढच्या वेळी" म्हटलंय. धौलपूरनंतर चंबळ ओलांडली तेव्हा अंधार पडत होता. मोरेन्याला गजक घेतली, कारण मोरेन्याची गजक घेतल्याशिवाय हिला माहेरी घरात घेत नाहीत.

लष्कर भागातलं ते जुनं घर मला फार आवडतं. लष्कर हे नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलेलं. तळ उठलाच नाही, त्याचं शहर झालं. मी कॅप्टन असताना मोरारला पोस्टिंग होतं आणि ह्याच गल्लीत एका गणपतीच्या आरतीला मला आमंत्रण होतं. "मराठी मुलगा एकटाच आहे, मेसचं खातो" एवढ्या भांडवलावर. पुढचं सांगत नाही. हिच्या घरचं मराठी ऐकायला गोड. सासूबाई "सब्जी चिरून ठेव" म्हणतात आणि "आत्ता" ऐवजी "अभी" त्यांच्या तोंडात सहज येतं, पण देवासमोर बसल्या की असं शुद्ध मराठी म्हणतात की आम्ही सातारकरांनी मान खाली घालावी.

जेवताना मेहुण्याने विचारलंच. "जिजाजी, मग फुल कर्नल कधी? पार्टी ड्यू आहे."

पानात श्रीखंड होतं. मी ते बघत राहिलो. सासूबाईंनी मेहुण्याला म्हटलं, "अरे, त्यांना पुरी वाढ आधी." आणि मला समजलं की सासूबाईंना माहीत आहे. ऑक्टोबरपासून माहीत असणार. चार महिन्यांत त्या माझ्याशी दहा वेळा तरी फोनवर बोलल्या होत्या, आणि एका शब्दाने...

रात्री गच्चीवर गेलो. किल्ल्यावरचे दिवे दिसत होते. बायको मागून आली.

"आईला मी सांगितलं. रागावलास?"

"नाही."

"मग ऐक. कॅप्टनसाहेब, आबांना तू सांगितल्याशिवाय मी त्या मांडवात बसणार नाही." चिडली की ही मला कॅप्टनसाहेब म्हणते, लग्नाच्या वेळचा हुद्दा. "सरपंच माइकवरून काहीतरी बोलणार, आबा छाती फुगवून बघणार आणि मी शेजारी बसून हसू? मला नाही जमणार. तू नापास झाला नाहीयेस. पण तू खोटं बोलतोयस, तीन वर्षं, त्या म्हाताऱ्या माणसाशी."

मी म्हटलं, त्यांना धक्का बसेल. ह्या वयात.

"त्यांना की तुला?"

ह्याला उत्तर नव्हतं. २००५ च्या डिसेंबरमध्ये डेहराडूनला माझ्या खांद्यावर आईने एका बाजूला आणि आबांनी दुसऱ्या बाजूला पिप लावला. आबा सुती कोट आणि मेडल्स घालून आले होते. पिप लावला, दोन पावलं मागे गेले आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. "जय हिंद, साब." सुभेदाराने लेफ्टनंटला केलेला तो सॅल्यूट अजून माझ्या अंगावर आहे. त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीला गेलो. ही शाळेत जाताना रोज इथून जायची. जून १८५८ मध्ये राणीसाहेब इथल्या लढाईत पडल्या. हिने लहानपणच्या सवयीने चप्पल काढून नमस्कार केला आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसली. आदल्या रात्रीचं माझ्याकडून उत्तर यायचं होतं.

ग्वाल्हेर ते इंदूर हा पूर्ण दिवसाचा रस्ता. शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास. जुना आग्रा-मुंबई रस्ता. पोरवयात धुळ्याला मामाकडे जाताना मैलाच्या दगडावर "आग्रा" वाचून मला वाटायचं, इकडे चालत राहिलं की औरंगजेब भेटेल. गुन्याच्या पुढे ही बोलली ती थेट नानासाहेबांवर. पेशवे स्वतः कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि भेलशाजवळ, लढाईनंतर दहा-एक दिवसांनी, त्यांना बातमी कळली. तीही सरळ नाही, एका सावकारी पत्रातून. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक भाषेत. पुढे पाच महिन्यांत, २३ जून १७६१ ला, ते पर्वतीवर गेले.

"बघ," मी म्हटलं. "बातमीनेच गेले."

"मुलगा गेला, भाऊ गेला, म्हणून गेले. तुझं काय गेलंय?"

देवासपर्यंत मग गाडीत जुनी गाणी.

इंदूरला रात्र काढून सकाळी पोहे-जिलबी खाऊन रावेरखेडीला निघालो. हे माझ्या यादीतलं. बडवाहच्या पुढे मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली, सनावदवरून आत वळलो. शेवटचा रस्ता कापसाच्या आणि गव्हाच्या शेतांतून. एकदा चुकलो, एका मुलाने मोटरसायकलवरून पुढे होऊन रस्ता दाखवला. "पेशवा की समाधी ना? आओ."

बाजीराव पेशवे इथे २८ एप्रिल १७४० ला गेले. चाळीस पुरी व्हायला चार महिने बाकी होते. ज्याने पालखेडला निजामाला नुसत्या चालीने, लढाई न करता कोंडीत पकडलं, त्याला ह्या नदीकाठी तापाने गाठलं. ॲकॅडमीत असताना मी त्या पालखेडच्या मोहिमेवर एक निबंध लिहिला होता, १७२८, नकाशासकट. समोर सिंहगड दिसत असताना असे निबंध लिहायला सोपं जातं. समाधी साधी आहे. दगडी चौथरा, भोवती भिंतीचं आवार, पलीकडे खाली नर्मदा. मध्यंतरी महेश्वर धरणाच्या पाण्यात ही जागा जाईल अशी चर्चा होती. त्या दिवशी तरी ती होती तशी होती, वारा होता आणि पोपटांचा गोंगाट होता.

ह्या जागेकडून माझी काही अपेक्षा होती का? होती. बेचाळिसाव्या वर्षी माणूस अशा ठिकाणी जातो तेव्हा हिशेब घेऊनच जातो. हा माणूस विसाव्या वर्षी पेशवा झाला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी संपला, मी मात्र बेचाळिसाव्या वर्षी रेजिमेंट मिळाली नाही म्हणून झुरतोय. पण खरं सांगतो, ह्या विचाराने काडीचंही बरं वाटलं नाही. मोठ्या माणसांशी तुलना करून आपलं दुःख छोटं होत नाही, उलट आपणच छोटे होतो आणि दुःख तेवढंच राहतं.

बरं वाटलं ते दुसऱ्याच कारणाने. घाटावर एक जोडपं बसलं होतं, साठीतलं. पांढरे कपडे, काठी, पाठीवर सॅक. नर्मदा परिक्रमेला निघालेले. "नर्मदे हर" म्हटलं आणि बोलण्याच्या पहिल्याच वाक्याला कळलं की मंडळी सांगलीकडची. ते एसटीत कंडक्टर होते. बाईंच्या पायाला फोड आले होते, त्यावर ते बसून तेल लावत होते. बायकोने आमच्या गाडीतली फर्स्ट एड पेटी आणली. मी फोडांना पट्टी बांधून दिली. हे काम मला चांगलं येतं. रूट मार्चला शेकडो पायांना बांधलीय. बाईंनी विचारलं, "काय करता तुम्ही?" मी म्हटलं, फौजेत आहे. "मग बरोबर," त्या म्हणाल्या, "हात सवयीचा वाटला." त्यांनी हुद्दा विचारला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नोकरीबद्दल एक प्रश्न विचारून थांबलं होतं.

गाडीत बसल्यावर मी बायकोला म्हटलं, "पोचल्या पोचल्या सांगतो."

"पोचल्या पोचल्या नको," ती म्हणाली. "त्यांना आधी चहा घेऊ दे."

खरगोन, जुलवानिया, सेंधवा, धुळे, आणि पुढे नगरमार्गे पुणे. लेकीला भेटलो, तिने अभ्यासाचं नाटक केलं, आम्ही विश्वास ठेवल्याचं. रात्री नवाला गावात. आबा ओट्यावर वाट बघत बसलेले, डोक्याला माकडटोपी. गाडीच्या चाकाला हात लावून बघितला. "इंजान काय म्हणतंय?"

चहा झाला. जेवण झालं. फोटो दाखवले. काला आंबचा स्तंभ त्यांनी बोटांनी मोठा करून बघितला, मग ताऊंचा फोटो. ताऊंची गोष्ट मी सांगितली, नातवासकट. का कोण जाणे, तिथूनच सुरुवात सापडली. बायको उठून आत गेली, भांडी घासायला. त्या वेळी घासायला एकही भांडं नव्हतं.

"आबा, माझं कर्नलचं झालं नाही. तिन्ही वेळा नाही झालं. आता होणार नाही."

आबांनी मोबाइल खाली ठेवला. "कवा कळलं?"

"शेवटचं ऑक्टोबरात."

"कागद आला का तोंडी?"

"कागद."

"सूनबाईला ठावं हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. गोठ्यातली गाय हंबरली तेव्हा सवयीने तिकडे बघितलं. मग म्हणाले, "मला बी सुभेदार मेजर केलं न्हवतं. दोन येळा नाव गेलं, दोन्ही येळा दुसऱ्याचं झालं."

हे मला माहीत नव्हतं. आबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले हे माहीत होतं, पण आमच्या घरात त्याची गोष्ट वेगळी होती. आई सांगायची, यांना अजून चार वर्षं ठेवत होते, सुभेदार मेजर करत होते, पण यांनीच नको म्हटलं. शेती बघायची होती, माझ्यासाठी लवकर आले.

"तुझ्या आईला म्या तसं सांगितलं," आबा म्हणाले. "ती सगळ्या भावकीत सांगत हिंडली. लई खूश हुती. मंग दुरुस्त कसं करायचं? ऱ्हायलं तसंच." टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "ती गेली तवा वाटलं, सांगायला पायजे हुतं. येवढी खूश हुती ती, पर ती भलत्याच माणसावर खूश हुती. म्या न्हवतोच त्यो."

आतून बायको बाहेर आली आणि चौकटीत उभी राहिली. आबांनी तिच्याकडे बघितलं. "बस की, सूनबाई. तुला पैल्या दिशी सांगितलं ह्यानं, त्ये ब्येस केलं."

एवढंच. ना पाठीवर हात, ना काही. उठून गाईला वैरण टाकायला गेले. मी मागे गेलो तर म्हणाले, "पगार कमी न्हाई ना झाला?" नाही म्हटलं. "मंग पोरीच्या शिक्षणाचं बगा."

पंच्याहत्तरी झाली. सरपंचांनी माइकवर मला ब्रिगेडियर म्हटलं. बायकोने माझ्याकडे आणि मी आबांकडे बघितलं. आमच्या गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो. आबांना पंचवीस वर्षं सगळे मेजरसाहेबच म्हणतात. आबा उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "ब्रिगेडियर न्हाई. लेफ्टनंट कर्नल. आन् म्या सुभेदार. ल्ह्यून घ्या, पेपरात द्येशीला तर नीट द्या." पेपरवाला कुणी आलाच नव्हता. लोक हसले, मग पंगत बसली. ह्या बोलण्यात किती लोकांचं लक्ष होतं, शंकाच आहे. जिलेबी गरम होती.

निघायच्या आदल्या रात्री आबा म्हणाले, "जाताना म्या येतो. त्या ताऊला भेटायचंय. त्याच्या नातवाला धावण्याचं न्हाई, पुढचं काय अडलं त्ये इचारतो. म्हैना दीड म्हैना ऱ्हातो तुमच्याकडं."

ताऊंचं नाव-गाव आम्ही विचारलं नव्हतं, फक्त फोटो होता. मी तसं म्हटलं. "फोटू हाय न्हवं? मंग गावतोय," आबा म्हणाले. "किती वाजता निघायचं?"

"पाचला."

साडेचारला मी बाहेर आलो तर गाडीच्या पुढच्या सीटवर माकडटोपी दिसत होती. पायाशी हिरवी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि सुभेदार. बायको मागच्या सीटवर उशा रचत होती.

"पाच मिंटं लेट हाय तुमी, साब," आबा म्हणाले.